सहायक एअर स्प्रिंग

सहायक एअर स्प्रिंग म्हणजे पिकअप ट्रकच्या मागील आसावर, मूळच्या पोलादी स्प्रिंगांना जोड म्हणून बसवली जाणारी व दाबाखालील हवेने भरलेली रबरी स्प्रिंग होय. हौद्यात माल भरल्यावर किंवा मागे ट्रेलर जोडल्यावर गाडीची मागची बाजू खाली बसते व पुढची वर उचलली जाते. मागची बाजू पुन्हा योग्य उंचीवर आणणे, हे या साधनाचे मुख्य कार्य आहे. मूळ स्प्रिंग काढली जात नाही, ती आपला भार वाहतच राहते. म्हणून 'सहायक' हे विशेषण सार्थ ठरते. आधुनिक बसगाड्यांत संपूर्ण भार हवेवरच पेलला जातो. ती व्यवस्था याहून वेगळी. अमेरिकेतील बोलीत या स्प्रिंगेस 'एअर बॅग' असेही म्हणतात. अपघातसमयी फुगणाऱ्या सुरक्षा-पिशवीशी तिचा काहीही संबंध नाही.

अशी स्प्रिंग बसवल्याने वाहनाची भारवहनक्षमता वाढते, असा समज मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो चुकीचा आहे व धोकादायकही आहे.

पार्श्वभूमी

वाहनांत हवेच्या स्प्रिंगचा वापर विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाला. जनरल मोटर्सने १९५३ मध्ये आपल्या प्रवासी बसगाड्यांत ती आणली, तर १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहम या महागड्या मोटारीत ती मूळ सामग्री म्हणूनच दिली गेली होती. जोडस्प्रिंगा बनवणारी एअर लिफ्ट ही कंपनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे स्थापन झाली. टायरनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेले फायरस्टोन हे या क्षेत्रातील दुसरे मोठे नाव. घरगुती ट्रेलर, होड्या व घोडागाड्या पिकअपमागे ओढण्याची प्रथा अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात व्यापक असल्याने या साधनाचा प्रसारही तेथेच अधिक झाला.

रचना व कार्यतत्त्व

फोर्ड एफ-१५० किंवा शेव्हरोले सिल्व्हराडो यांसारख्या पाट्यांच्या गाड्यांत ही स्प्रिंग चासी आणि आस यांच्या दरम्यान उभी बसते. दोन फुगीर वळ्या असलेली, धाग्यांच्या जाळीने बळकट केलेली रबरी पिशवी व तिच्या दोन्ही टोकांस घट्ट चकत्या, अशी तिची रचना असते. रॅम १५०० च्या मागील बाजूस २००९ च्या आवृत्तीपासून पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंगा आहेत. अशा गाड्यांसाठी लांबट नळकांड्याच्या आकाराची पिशवी गुंडाळीच्या पोकळीतच बसवता येते. तिला सोसणारा दाब मात्र बराच कमी असतो.

पिशवी किती भार उचलते, हे हवेचा दाब आणि परिणामी क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावर ठरते. समजा हे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर आहे व दाब ५० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३.५ किलोग्रॅम आहे, तर एक पिशवी सुमारे ५२५ किलोग्रॅम भार पेलते. पोलादी स्प्रिंगेचा ताठपणा कारखान्यातच ठरून गेलेला असतो, हवेच्या स्प्रिंगेचा मात्र दाबानुसार बदलतो. शिवाय खड्ड्यात पिशवी जसजशी दाबली जाते, तसतसा तिचा प्रतिकार वाढत जातो. पाट्यांत आणखी एक पाटा घातला, तर गाडी रिकामी असतानाही तो ताठपणा सोबत राहतो. हवा मात्र माल उतरल्यावर काढून टाकता येते. या साधनाचा खरा लाभ एवढाच आहे, परंतु तो लहान नाही.

बसवण्याची पद्धत

काम सुरू करण्यापूर्वी रिकाम्या गाडीच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजून लिहून ठेवतात. जमिनीपासून मोजलेली उंची टायरमधील हवेनुसार बदलते, चाकाच्या मध्यापासून मोजलेली बदलत नाही. पुढे दाब किती ठेवायचा हे याच आकड्यावर ठरते, म्हणून ही नोंद टाळू नये.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून गाडी मागून चासीवर उचलतात व चासीखाली भक्कम घोड्या लावतात. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाणे प्राणघातक ठरू शकते. चासी उचलली की आस खाली लोंबतो व दोहोंमध्ये काम करण्यास जागा मिळते. बहुतेक गाड्यांत चासीच्या खालच्या अंगास रबरी ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, असतो. पुष्कळ संचांत तो काढून त्याच जागी वरचा कंस बसवला जातो. खालचा कंस आसाला यू-बोल्टांनी आवळतात. चासीला असलेल्या भोकांचाच उपयोग होईल अशी योजना चांगल्या संचांत केलेली असते. आसाच्या नळीला भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे सर्वथा वर्ज्य मानले जाते. नट किती आवळायचे याचे आकडे संचासोबत येतात व ते टॉर्क पान्यानेच पाळावे लागतात. यू-बोल्टाखाली ब्रेकची नळी किंवा चाकाच्या वेगसंवेदकाची तार चिमटली जाण्याचा प्रकार नेहमी आढळतो, म्हणून आवळण्यापूर्वी ती बाजूला घेणे आवश्यक असते.

पिशवी फुगल्यावर तिच्या भोवती सर्व बाजूंनी किमान १३ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. धुराड्याची नळी जवळून जात असल्यास मध्ये उष्णतारोधक पत्रा बसवतात. घासणे आणि उष्णता हे रबराचे दोन मोठे शत्रू होत.

हवेची नळी धारदार पात्याने काटकोनात कापतात. कात्रीने वा पक्कडीने कापल्यास तिचे तोंड चपटे होते आणि जोडातून हवा गळू लागते. नळी जोडात पूर्ण दाबून बसवल्यावर हलकेच मागे ओढून पाहतात. दोन्ही पिशव्यांच्या नळ्या स्वतंत्र ठेवून त्यांचे व्हॉल्व्ह मागील बंपरजवळ लावणे श्रेयस्कर. दोन्ही नळ्या एकाच व्हॉल्व्हला जोडल्या, तर वळणावर दाबल्या जाणाऱ्या बाजूची हवा दुसऱ्या पिशवीत शिरते आणि गाडी अधिकच कलते. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतात. दुसऱ्या दिवशी दाब पुन्हा मोजतात, आणि काहीशे किलोमीटर धावल्यावर सर्व नट पुन्हा तपासतात.

हवेचा दाब

चासी आणि आस यांच्या दरम्यान बसणाऱ्या पिशव्यांसाठी दाबाची मर्यादा सामान्यतः ५ ते १०० पीएसआय असते. गाडी रिकामी असली तरी किमान दाब ठेवावाच लागतो. हवा अजिबात नसलेली पिशवी स्वतःच्याच घडीत चिमटली जाऊन फाटते. माल भरल्यानंतर, आधी नोंदवलेली उंची पुन्हा मिळेपर्यंत किंवा त्याहून थोडी कमी राहील इतकी हवा भरतात. मागची बाजू रिकाम्या गाडीपेक्षाही उंच दिसू लागली, तर हवा निश्चितच जास्त झाली आहे. पिशवीत हवेचे आकारमान थोडे असल्याने दाबमापक लावताच एक-दोन पीएसआय हवा निघून जाते. माल उतरवल्यावर दाब कमी न केल्यास मागील चाके उसळू लागतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड सुटू शकते.

मर्यादा

वाहनाचे कमाल अनुज्ञेय वजन केवळ स्प्रिंगेवर ठरलेले नसते. आस, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी या सर्वांचा विचार करून निर्माता ते ठरवतो. अमेरिकेत चालकाच्या दाराच्या चौकटीवर त्याची पट्टी लावलेली असते. एअर स्प्रिंग यांपैकी एकाही घटकास बळकटी देत नाही. उलट पूर्वी गाडी खाली बसलेली पाहून चालकास मिळणारी सूचनाही तिच्यामुळे नाहीशी होते. पाट्यांच्या गाडीत भार पाट्याच्या दोन टोकांवाटे चासीत शिरतो. पिशवीमुळे त्याचा मोठा वाटा आसाच्या वर, चासीवरील एकाच ठिकाणी एकवटतो. हौद्याच्या मागील टोकाशी जड ओझे असल्यास तेथे चासीवरील वाकवणारा ताण वाढतो.

ट्रेलरच्या बाबतीत तरफेचा नियम ध्यानात घ्यावा लागतो. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ३.७ मीटर, आणि ट्रेलरचा हुक मागच्या आसापासून १.३ मीटर मागे आहे असे समजू. हुकावर ३०० किलोग्रॅम भार पडल्यास पुढच्या आसावरील भार सुमारे १०५ किलोग्रॅमने घटतो व मागच्या आसावरील ४०५ किलोग्रॅमने वाढतो. एअर स्प्रिंगेने मागची बाजू वर आली, पुढचे दिवे पुन्हा रस्त्यावर रोखले गेले, तरी हे आकडे जवळजवळ तसेच राहतात. सुकाणूच्या चाकांवरचा भार परत आणण्यासाठी भार विभागणारा विशेष हुकच वापरावा लागतो. समोरून पाहता गाडी सपाट दिसते, पण वळवताना सुकाणू हलका लागतो. याचे कारण हेच.

टोयोटा हायलक्सच्या काही पिढ्यांप्रमाणे ज्या गाड्यांत मागील ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह आस व चासी यांमधील अंतरावरून भार ओळखतो, तेथे वेगळाच प्रश्न उद्भवतो. पिशव्यांनी चासी उचलली की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी भासते आणि भरलेल्या गाडीच्या मागील ब्रेकना कमी जोर मिळतो. अशा वाहनात व्हॉल्व्हची जुळणी जाणकाराकडून तपासून घेतल्याखेरीज हा संच वापरू नये.

भारतातील स्थिती

भारतातील मालवाहू पिकअप गाड्यांत भार पेलण्यासाठी जादा पाटे घालण्याचीच रीत अधिक आहे. दोन्ही उपायांना कायदा एकच लागू होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही, तर कलम ११३ नोंदवलेल्या वजनापेक्षा अधिक भार वाहण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ अन्वये अशा जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही. वजनकाट्यावर गाडीचे वजन पाहिले जाते; तिची मागची बाजू किती उंच आहे, हे नव्हे.