पैसा किती हवा? 'नाही' म्हणता येईल एवढा!

आर्थिक स्वातंत्र्यावरच्या व्हिडिओत एक मुद्दा घाईत उरकला होता, तो इथे नीट लिहितो.

व्यवसाय कशासाठी करताय, असं विचारलं की बरेच जण ओशाळून सांगतात, "पैशासाठीच, दुसरं काय." अहो, मग लाजायचं कशाला? पैशासाठी पहाटे उठून शटर उघडणारा माणूस काही पाप करत नाही. पण पुढचा प्रश्न विचारला की गडबड होते. पैसा आल्यावर तुम्हाला नेमकं काय करता आलं पाहिजे? इथे आकडा येतो: एक कोटी, पाच कोटी. हा आकडा कुठून काढला, तर मोबाईलवर कुणीतरी सांगितलेला असतो.

याचं उत्तर शोधायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. महात्मा जोतीराव फुल्यांची शाळा आपल्याला माहीत आहे, सत्यशोधक समाज माहीत आहे. त्यांचा धंदा मात्र फार थोड्यांना माहीत असतो. 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला त्यांनी निवेदन दिलं. त्याखाली स्वतःची ओळख कशी लिहिली होती? व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. समाजसुधारक वगैरे काही नाही.

आणि व्यापारीही किरकोळ नव्हे. 1863 मध्ये त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणारं साहित्य पुरवण्याचा धंदा सुरू केला. 1870 च्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला बांधकामाचा माल पुरवला. कात्रजच्या बोगद्याला आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या बांधकामाला मजूर पुरवण्याची कंत्राटं घेतली. शिवाय मांजरीला साठेक एकर शेती. म्हणजे माल, मजूर आणि शेती अशी कमाईची तीन वेगवेगळी तोंडं.

आता मागे जाऊन बघा. 1848 मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि दुसऱ्याच वर्षी लोकांच्या दबावामुळे वडिलांचं घर सोडावं लागलं. पुढे शाळा वाढल्या, पण त्यांचा डोलारा बराचसा देणग्या आणि सरकारी मदतीवर उभा होता. 1857 च्या उठावानंतर युरोपियन लोकांच्या देणग्या आटल्या आणि शाळा अडचणीत आल्या. या अनुभवातूनच ते धंद्यात उतरले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या पैशावर चाललेलं काम दुसऱ्याच्या मर्जीवर थांबतं, हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

माझा आवडता प्रसंग नगरपालिकेतला आहे. 1876 ते 1883 ते पुणे नगरपालिकेत सदस्य होते, तेही सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीनिमित्त हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. जोतीरावांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा. बत्तीस सदस्यांत विरोधी मत एकट्याचं! धंदेवाईक नजरेने बघा जरा. नेमणूक करणारं सरकार आणि कंत्राटं देणारंही सरकार. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर ते 'नाही' म्हणाले. धैर्य तर होतंच, पण उद्याची चूल त्या एका मतावर अवलंबून नव्हती, हेही खरं.

आर्थिक स्वातंत्र्याचा अर्थ मी असा लावतो. आता तो आपल्या दुकानात आणून बघू.

भोसरी-चाकण पट्ट्यात जॉबवर्क करणारा एखादा कारखानदार घ्या. उलाढाल दोन कोटी, पण ऐंशी टक्के काम एकाच कंपनीचं. रेट ते ठरवणार, पेमेंटची तारीखही तेच ठरवणार. त्याच्यापेक्षा साठ घरांना डबे देणाऱ्या ताई जास्त स्वतंत्र. एका घराने डबा बंद केला तर त्यांची झोप उडत नाही.

कायदा नाही असं नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं पेमेंट करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांत झालं पाहिजे, नाहीतर चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. तरी तक्रार कोण करतं? काम जाईल या भीतीने गप्प बसतात. हक्क कागदावर असून तो मागायची ताकद गल्ल्यात नसते.

मग ती ताकद मोजायची कशी? समजा घरखर्च 45,000 आणि भाडं, पगार, वीज, हप्ते मिळून धंद्याचा बांधील खर्च 1,55,000. महिन्याला झाले दोन लाख. आता सर्वात मोठं गिऱ्हाईक उद्यापासून नाही असं धरा. बाकीच्यांकडून कच्च्या मालाचा खर्च जाऊन 80,000 सुटतात. खड्डा 1,20,000 चा. हाताशी रोख आणि एफडी मिळून सहा लाख. भागिले केलं की पाच महिने. हा तुमचा आकडा! यात उधारी धरायची नाही, सोनं धरायचं नाही, सासऱ्यांनी कबूल केलेली मदत तर अजिबात धरायची नाही.

हा आकडा दोन बाजूंनी वाढतो: शिल्लक वाढवून, किंवा छोटी गिऱ्हाइकं वाढवून. माझं मत विचाराल तर आधी दुसरं करा. शिल्लक एका मंदीत संपते.

आणखी एक गोष्ट, जी जोतीरावांच्याच शेवटच्या वर्षांत दिसते. 1888 मध्ये त्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. मिळवलेलं बरंचसं कामातच घातलं होतं, त्यामुळे आजारपणात पैशाची ओढाताण झाली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून मदत घ्यावी लागली. त्यांनी पैसा कुठे घातला याला नाव ठेवायची आपली लायकी नाही. पण आपल्यापुरतं विचारायला हरकत नाही: तुमचे ते पाच महिने तुम्ही स्वतः धडधाकट आहात असं धरून काढलेत ना? मग तोच हिशेब तुम्ही तीन महिने अंथरुणावर आहात असं धरून पुन्हा मांडा. रेट कोण ठरवणार, चेकवर सही कोण करणार, वसुलीचा फोन कोण करणार, हेही शेजारी लिहा. बहुतेकांच्या कागदावर तिन्ही ठिकाणी एकच नाव येतं.