भागमती होती की नव्हती?

चारमिनारपाशी कुणालाही विचारा, गोष्ट एकच ऐकायला मिळते. चिचलम गावच्या भागमती नावाच्या नर्तकीवर शहजादा महंमद कुली भाळला. तिला भेटायला त्याने मुसीच्या पुरात घोडा घातला, तेव्हा धास्तावलेल्या बापाने, इब्राहिम कुतुबशहाने, नदीवर पूल बांधला. गादीवर आल्यावर महंमद कुलीने तिच्या नावाने भागनगर वसवले. पुढे तिला ‘हैदरमहल’ किताब दिला आणि शहराचे हैदराबाद झाले. लोक ही गोष्ट एक तर सगळी खरी मानतात, नाहीतर सगळी थाप. वास्तविक तिच्यातल्या प्रत्येक दाव्याचा पुरावा वेगळा आहे.

पूल अजून जागेवर आहे, म्हणून त्याचा निकाल सोपा. पुराना पूल १५७८चा आणि महंमद कुलीचा जन्म १५६५च्या सुमाराचा. म्हणजे आशिक तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा! इतिहासकार हारून खान शेरवानींनी याच वयावर बोट ठेवले होते. गोवळकोंड्याहून मच्छलीपट्टणच्या बंदराकडे जायचे तर मुसी ओलांडावीच लागे; पुलाला एवढे कारण पुरे.

दुसरा समज नावाचा. भागनगर हे नाव राजकारण्यांनी हल्ली काढले, असे काहीजण म्हणतात. मराठी वाचकाने तरी असे म्हणू नये. शिवाजी महाराज १६७७ साली कुतुबशहाला भेटायला गेले ते भागानगरास. सभासदाच्या बखरीत आणि पुढे पेशव्यांच्या पत्रव्यवहारातही शहराचे हेच नाव येते. उलट बाजूने, कुतुबशाहीच्या आधी इथे ‘भाग्यनगर’ नांदत होते, या म्हणण्यालाही आधार नाही. १५९१ साली वसलेल्या शहराचेच हे नाव. ते मुळात ‘बागनगर’, म्हणजे बागांचे शहर, असा शेरवानींचा तर्क.

आता खुद्द भागमती. शेरवानींच्या मते ती दंतकथा, हैदराबादचा इतिहास लिहिणारे नरेंद्र ल्यूथर यांच्या मते खरी व्यक्ती. शेरवानींची बाजू वजनदार आहे. गोवळकोंड्याच्या दरबारी इतिहासात तिचे नाव नाही, नाण्यावर नाही, शिलालेखात नाही. महंमद कुलीने दखनीत आपल्या कितीतरी ‘प्यारीं’वर कविता केल्या, त्यांतही भागमती नावाने येत नाही. कुतुबशाही मकबऱ्यांच्या आवारात तारामती आणि प्रेमामती या नर्तकींच्या म्हणून कबरी दाखवतात, भागमतीची दाखवत नाहीत.

पण अकबराचा वकील फैजी शहर वसत असतानाच्याच काळात अहमदनगर दरबारी आला होता. त्याने बादशहाला लिहिले, की सुलतानाने आपल्या जुन्या रखेलीच्या, भागमतीच्या, नावाने भागनगर बांधले आहे. भाषा तिरस्काराची, आणि सुलतानाचे नावही त्याने ‘अहमद कुली’ असे चुकीचे दिले आहे. ऐकीव बातमीच ती. तरी बातमी ताजी होती. विजापूरच्या फरिश्ता या इतिहासकारानेही पुढे हेच लिहिले. दोघेही परक्या दरबारांचे, त्यामुळे कुचाळकीचा संशय राहतोच. पण घरच्या बखरकाराने धन्याची अशी भानगड गाळणेही साहजिकच होते.

चीनमध्ये १९२०च्या दशकात गू जिएगांग या इतिहासकाराने असाच वाद पेटवला होता. प्राचीन राजांच्या कथा जितक्या उशिरा लिहिल्या, तितका त्यांतला तपशील वाढत गेला आणि तितके ते राजे जुन्या काळात ढकलले गेले, असे त्याचे म्हणणे. महापूर आवरणारा यू हा राजा त्याने संशयाच्या यादीत घातला. पण संशयाचीही परीक्षा होते. शांग घराण्याची राजावळ दंतकथेत जमा होण्याच्या बेतात असतानाच, आन्यांगला सापडलेल्या हाडांवरच्या कोरीव लेखांत त्याच राजांची नावे वाचली गेली.

गूचा निकष भागमतीला लावला तर पूर, घोडा आणि पूल हे सारे वरचे थर म्हणून गळून पडतात. उरते ती सुलतानाची रखेल आणि तिच्या नावाचे शहर, एवढी फैजीची बातमी. तिला तेवढी जागा द्यायला माझी हरकत नाही. हैदरमहलचे मात्र कठीण आहे. किताबामुळे शहराचे नाव बदलले असे गोष्ट सांगते. फरिश्ता सांगतो, की सुलतानाला त्या संबंधांची लाज वाटू लागली, म्हणून त्याने ते नाव बदलले.