यंत्राची हजेरी आणि एकाची चूक

पुणेकरांना संगणक नवा नाही. १९८८ साली येथे सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ साली तिने ‘परम’ हा महासंगणक तयार करून दाखविला. पुढे हिंजवडी-खराडीकडच्या शेतांच्या जागी संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. ज्यांची वर्गणी आम्ही भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांच्या गेटावर उभे राहून गोळा केली, त्यांचीच मुले आज त्या कचेऱ्यांत प्रोग्रॅम लिहितात. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. ह्या विषयाची धुळाक्षरे आम्हांला त्या मुलांनीच गिरवायला लावली. ती गिरवताना एक प्रकरण असे हाती लागले की, हे तर आमच्याच खात्यातले, असे वाटले. तेच आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

संगणकाचे बरेचसे काम म्हणजे यादीतील एकेका वस्तूला हात लावणे. पगाराच्या दिवशीची खिडकी डोळ्यांपुढे आणा. कारकून “पुढचा” म्हणतो, एक माणूस पुढे येतो, पाकीट घेतो आणि जातो. “पुढचा” म्हटल्यावर कोणीच आले नाही, की खिडकी बंद. रांग किती लांब आहे, ती कोणत्या खात्यातून आली, हे कारकुनाला ठाऊक असण्याचे कारण नाही. प्रोग्रॅमामध्ये “पुढचा” म्हटल्यावर पुढची वस्तू काढून देणारा जो भाग असतो, त्याला इटरेटर म्हणतात. पूर्वी प्रोग्रॅमर स्वतःच आकडे मोजून हे काम करी. मग मोजणी शून्यापासून की एकापासून, शेवटचा धरायचा की सोडायचा, ह्यात एकाची चूक हमखास होई. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत बार्बरा लिस्कॉव्ह ह्या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह ‘क्लू’ नावाची भाषा रचली. तिच्यात हे काम प्रोग्रॅमरच्या डोक्यावरून काढून इटरेटरकडे सोपविलेले होते.

आता प्रत्येक प्रोग्रॅमरने आपला इटरेटर घरी घडवावा काय? तसे नसते. भाषेबरोबर नेहमी लागणाऱ्या तयार कामांची एक पेटी मिळते. तिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. शहराच्या पाणीपुरवठ्यासारखीच ही गोष्ट आहे. मूळ टाकीवर केलेली सुधारणा प्रत्येक नळाला पोचते, आणि टाकीत मिसळलेली घाणही प्रत्येक नळाला पोचते. ‘रस्ट’ नावाची एक भाषा आहे. तिची पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ मध्ये निघाली. तिच्या पेटीतील इटरेटर अधिक चपळ करण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. ते उघड्यावर चालते. कोणीही बदल सुचवावा आणि जाणत्यांनी तो तपासून घ्यावा, अशी रीत आहे.

सुधारणा म्हणजे काय करतात? एक साधे उदाहरण घेऊ. हजार नावे नव्या कागदावर उतरवायची आहेत, पण किती नावे येणार हे ठाऊक नाही. चार ओळींचा कागद घेतला, तो भरला. मग आठ ओळींचा घेतला आणि जुनी चार नावे त्यावर पुन्हा लिहिली. पुढे सोळा, मग बत्तीस. अशा दुपटीने हजारापर्यंत जाताना आठ वेळा कागद बदलावा लागतो. तेच रांगेने आधी “आम्ही हजार आहोत” असे सांगितले, तर मोठा कागद एकदाच घेता येतो. रस्टमधील इटरेटरला असे सांगता येते. मात्र ह्या सांगण्याचे दोन प्रकार आहेत. एक नुसता अंदाज. तो चुकला तर थोडी जागा वा थोडा वेळ वाया जातो. दुसरी हमी, तिच्यावर विसंबून पुढचे काम तपासणी न करता धडाधड लिहीत सुटते. अंदाज आणि हमी ह्यांतला फरक वाटाघाटीला बसलेल्या कोणाही कामगाराला समजावून सांगण्याची गरज नाही.

तपासण्या कमी करण्याचे काही काम कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरविणारा प्रोग्रॅम, आपण होऊनच करतो. माहिती प्रोग्रॅमातून कशी वाहते ह्याचा माग काढून तो निरर्थक पायऱ्या गाळतो. ह्या शास्त्रावर मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला आहे. परंतु कंपायलर सावध असतो. जे त्याला सिद्ध करता येत नाही, ते तो गाळत नाही. तेथे लायब्ररी लिहिणाऱ्यालाच हात घालावा लागतो, आणि धोकाही तेथेच असतो.

‘झिप’ नावाचा एक इटरेटर आहे. तो दोन याद्या जोडीने चालवितो. एका हाताला नावांची यादी, दुसऱ्या हाताला पाकिटांची चळत. साधी रीत अशी की, दर खेपेस आधी नाव पुकारावे, मग पाकीट पाहावे. दोन्ही असतील तर जोडी लावावी. ही दुहेरी विचारपूस वाचविण्यासाठी वेगवान रीत काढण्यात आली. दोन्ही याद्यांची लांबी आधीच पक्की ठाऊक असेल, तर त्यांतली लहान लांबी एकदाच पाहून ठेवावी आणि तितक्या जोड्या न विचारता क्रमांकाने उचलाव्यात. युक्ती चांगली होती, श्रम खरोखर वाचत होते.

आता समजा नावे अकरा आणि पाकिटे दहा आहेत. साध्या रीतीत पाकिटे संपल्याचे कळते तेव्हा अकरावे नाव पुकारून झालेले असते. जुन्या रीतीशी मेळ राहावा म्हणून वेगवान रीतही आपला क्रमांक एक घर पुढे नेई, म्हणजे अकरावर. पुढे खिडकी बंद झाल्यावर कोणी पुन्हा येऊन “किती उरले?” असे विचारले, तर ती दहातून अकरा वजा करी. आपण म्हणू, उणे एक. पण ह्या हिशेबाच्या आकड्याला उणे ठाऊक नव्हते. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा शून्यावरून एक घर मागे फिरविला तर ९९९९९ दिसते, तसेच येथे झाले. आजच्या सामान्य संगणकावर हा आकडा अठरावर अठरा शून्ये दिल्यावर होतो त्याहूनही मोठा असतो. काही उरले नसताना इतके उरले, अशी हमी दिली गेली! त्या हमीवर विसंबणारे काम नेमलेली जागा ओलांडून शेजारच्या माहितीवर लिहू शकत होते. घुसखोराला वाट मिळते ती अशाच फटीतून.

हा दोष २०२१ साली उघडकीस आला. दोषांच्या सार्वजनिक नोंदीत त्याचा त्या वर्षीचा क्रमांक २८८७९ आहे, आणि ह्याच झिपमधील आणखीही दोष त्या वर्षी नोंदले गेले. मे २०२१ मध्ये निघालेल्या १.५२ ह्या आवृत्तीत त्याची दुरुस्ती आली. वेगवान रीत मोडीत काढली नाही. तिचा हिशेब सुधारला.

हे वाचताना आम्हांला एक पॉवर प्रेस आठवला. त्याला दोन बटणे होती. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याखेरीज प्रेस खाली येत नसे. हेतू हा की, हात साच्यात राहू नयेत. उत्पादनाचा आकडा वाढवून मिळाला, तेव्हा एका बटणात लाकडाची पाचर बसली. प्रेस एका हाताने चालू लागला. कित्येक महिने काही झाले नाही, आणि सगळे त्या पाचरीला सुधारणाच म्हणत होते. एके दिवशी एका जवान कामगाराची दोन बोटे गेली. चौकशीत पाचर कोणी बसविली हे कोणालाच सांगता येईना.

आम्ही वेगाचे वैरी नाही. वाचलेले श्रम ही चांगलीच गोष्ट आहे, मग ते माणसाचे असोत की यंत्राचे. झिप आणि तो प्रेस ह्यांत फरक आहे तो नोंदीचा. झिपमध्ये कोणती तपासणी काढली, कोणाच्या हमीवर काढली, ती हमी कोठे खोटी ठरली, हे सगळे चव्हाट्यावर लिहिलेले होते. म्हणून चूक सापडली आणि एका ठिकाणी दुरुस्त होऊन सगळीकडे पोचली. प्रेसची नोंद कोठेच नव्हती. म्हणून संगणकात काय, कारखान्यात काय, कोणी सुधारणा घेऊन आला की श्रोत्यांनी तीन प्रश्न विचारावेत. कोणती तपासणी काढलीत? कोणाच्या हमीवर? आणि हमी चुकली तर बोटे कोणाची जातील?