हप्ता त्याचा, किराणा तिचा

पुण्यामुंबईत किंवा ठाण्यानाशकात नवा संसार थाटणारं कमावतं जोडपं पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पैशाची एक वाटणी करून टाकतं. मुद्दाम बसून ती कुणी ठरवत नाही, ती आपसूक पडत जाते. त्याच्या पगारातून घरभाडं किंवा गृहकर्जाचा हप्ता आणि सोसायटीचा मेंटेनन्स जातो. तिच्या पगारातून किराणा, दूध, भाजी, कामवाल्या मावशींचा पगार, सणावारांची देणीघेणी आणि पुढे पाळणाघराची फी. हप्ता ठरलेल्या तारखेला एकाच खात्यातून कापला जाणं सोयीचं असतं आणि ज्याचा पगार मोठा त्याचं खातं पुढे होतं. यात कुणाचीच लबाडी नसते. दोघांचा महिन्याचा खर्च कदाचित सारखाही असेल. पण वीस वर्षांनी कर्ज फिटतं तेव्हा त्याच्या पैशाचं घर उभं असतं आणि तिचा पैसा रोजच्या जेवणात, औषधपाण्यात, शाळेच्या दप्तरात खर्च होऊन गेलेला असतो. त्या वीस वर्षांच्या पावत्या कुणी जपून ठेवलेल्या नसतात. म्हणून माझं म्हणणं असं की घर भाड्याचं असो की विकतचं, हप्ता कुणाच्याही खात्यातून जावो, ते दोघांच्या नावावर असावं, विकतच्या घरात प्रत्येकाचा हिस्सा किती हे कागदावर लिहिलेलं असावं, आणि हे संसाराच्या पहिल्या वर्षातच ठरावं.

‘लग्न झालं की अर्धं बायकोचं’ ही समजूत आपल्याकडे सर्रास आढळते. महाराष्ट्रात ती खरी नाही. लग्नानंतर नवऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं घर त्याचं आणि बायकोने तिच्या नावावर घेतलेलं तिचं, असाच आपला कायदा आहे. घटस्फोटात कोर्ट पोटगी ठरवू शकतं, पण घराचे दोन भाग करून एक तिला देण्याचा सरसकट नियम नाही. असा हक्क देऊ पाहणारं विवाह कायदा दुरुस्ती विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण लोकसभेत मंजूर न होताच ते बारगळलं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याने बायकोला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात त्याची व्याप्ती वाढवून सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं असं सांगितलं. हा मोठा आधार आहे, पण तो निवाऱ्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. आणि भांडणतंटा काहीही नसताना, सुखाच्या संसारात नवरा मृत्युपत्र न करता अचानक गेला तर? हिंदू वारसा कायद्यानुसार त्याची आई, बायको आणि मुलं यांना सारखा वाटा मिळतो. सासू हयात आणि मूल एक असेल, तर जिने वीस वर्षं त्या घराचा किराणा भरला तिचा त्या घरात एक तृतीयांश हिस्सा राहतो. घर आधीच निम्मं तिच्या नावावर असेल तर तिचं निम्मं तिचंच राहतं आणि वाटणी फक्त त्याच्या निम्म्याची होते.

आपल्या शेजारी, गोव्यात, चित्र वेगळं आहे. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला आणि आता त्यातला वारशाचा भाग 2012 च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आला आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर लग्नाच्या नोंदणीबरोबर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते आणि त्यात दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा असतो. लग्नाआधी जे कुणाचं होतं, तेसुद्धा त्यात येतं. त्यामुळे गोव्यात घर विकायचं तर खरेदीखतावर नवराबायको दोघांच्या सह्या लागतात. गोव्यातल्या स्त्रियांच्या तक्रारी आहेतच. सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडेच राहिला, हा आक्षेप तिथल्या अभ्यासकांनी वारंवार घेतला आहे आणि तो खरा आहे. तरीही बायकोच्या सहीवाचून घर हातचं जाऊ शकत नाही, ही गोष्ट लहान नाही. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पेडण्याची मुलगी आणि सावंतवाडीची मुलगी एकाच महिन्यात लग्न करून संसाराला लागल्या, तर एकीला जे आपोआप मिळतं ते दुसरीला मागून, लिहून, नोंदवून घ्यावं लागतं. तेरेखोल नदीच्या अलीकडे, महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी ते पहिल्याच वर्षी करून घ्यावं.

नव्या संसारातल्या वस्तूंकडे जरा जवळून पाहिलं तर नावाचा हा प्रश्न स्वयंपाकघरातच दिसतो. मांडणीवरची स्टीलची पातेली, डबे, कळशी उलटी करून पाहिली की कडेशी मशीनने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं सापडतात. मावशीकडून, मामाकडून, अमुक मित्रमंडळाकडून, खाली लग्नाची तारीख. रुखवतात आलेल्या भांड्यावर तर मुलीचं नाव असतंच. भांडी कुणाची हे दुकानातून बाहेर पडण्याआधीच कोरून ठेवायची आपली रीत आहे आणि त्यात कुणालाही अविश्वास दिसत नाही. कायदाही हे मानतो. लग्नात तिला मिळालेले दागिने, भांडीकुंडी, वस्तू हे तिचं स्त्रीधन, ते सासरी ठेवलं म्हणून सासरचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे ज्या घरात तिच्या नावाची पातेली आहेत, तिथे पातेल्यावरचा तिचा हक्क पक्का आणि त्या पातेल्यांभोवतीच्या भिंतींवरचा मात्र कागदावाचून अधांतरी.

भाड्याच्या घरापासूनच सुरुवात करता येते, कारण बहुतेक तरुण जोडप्यांचं पहिलं घर भाड्याचंच असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी होणं सक्तीचं आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी नको, हा एजंटांकडून ऐकू येणारा सल्ला महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. या करारात लायसन्सी म्हणून दोघांची नावं घालायला वेगळं मुद्रांक शुल्क लागत नाही, कारण ते भाडं आणि डिपॉझिट यांवर ठरतं, नावं किती यावर नाही. तरी बहुतेक करार एकट्या नवऱ्याच्या नावाने होतात. मग तिला आधारवरचा पत्ता बदलायचा, गॅसचं कनेक्शन घ्यायचं, बँकेत केवायसी करायची, की दर वेळी नवऱ्याचा कागद आणि सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागतो. डिपॉझिटची रक्कम दोघांनी मिळून भरलेली असली तरी परत मिळते ती करारात ज्याचं नाव त्याला. एका ओळीने सुटणारी ही अडचण आहे.

विकतच्या घराचं काम जास्त नाजूक आहे आणि तिथेच घोटाळेही जास्त होतात. पहिला घोटाळा सहकर्जदार आणि सहमालक यांच्यातला. कर्जाची रक्कम वाढावी म्हणून बँक बायकोचा पगार धरते आणि तिची सही सहकर्जदार म्हणून घेते. तिथून ती सगळ्या कर्जाला बांधली जाते. हप्ते थकले तर बँक तिच्याकडेही येते. पण खरेदीच्या करारनाम्यावर तिचं नाव नसेल तर ती मालक होत नाही. ओझं आहे आणि हक्क नाही, अशी ही सगळ्यात वाईट अवस्था. दुसरा घोटाळा नुसतं नाव घालून हिस्सा न लिहिण्याचा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 45 नुसार, वेगळं ठरलेलं नसेल तर एकत्र खरेदी करणाऱ्यांचा हिस्सा ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात धरला जातो. किती कुणाचे हे सिद्धच होत नसेल तर तो समान मानतात. हप्ता बँकेच्या खातेउताऱ्यात शेवटच्या रुपयापर्यंत दिसतो, किराणा कुठेच दिसत नाही. म्हणून करारनाम्यातच ‘प्रत्येकी 50 टक्के’ असं लिहून घ्यायचं. तेच पुढे सोसायटीच्या भागदाखल्यावर दोन्ही नावं चढवताना उपयोगी पडतं. शासनाने 1 एप्रिल 2021 पासून घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली, ती चांगलीच आहे. पण ती फक्त स्त्री खरेदीदारांना आहे, नवराबायकोच्या एकत्र खरेदीला नाही. पन्नास लाखांच्या घरावर पन्नास हजार वाचवण्यासाठी एकटीचं नाव घालायचं आणि मनात मात्र घर नवऱ्याचं धरायचं, असा व्यवहार दोघांनाही अडचणीत आणू शकतो. ज्याचा हेतू निम्म्या-निम्म्याचा आहे त्याने ती सवलत सोडावी, असं मला वाटतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ती कमावत नसेल तर निम्मं कशाचं? याचं उत्तर घड्याळात आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला 289 मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं, असं दिसलं. जवळजवळ पाच तासांचं हे काम बाहेरून करून घ्यायचं म्हटलं तर हप्त्याला पैसे उरणार नाहीत. न्यायालयंही आता हे बोलू लागली आहेत. याच सर्वेक्षणाच्या 2019 च्या फेरीचे आकडे घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये कीर्ती खटल्यात, अपघातात गेलेल्या गृहिणीच्या कामाला पैशात किंमत धरली पाहिजे असं बजावलं. 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, घर सांभाळणाऱ्या पत्नीमुळेच पतीला कमावता आलं, म्हणून त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा समान वाटा आहे, असा निकाल दिला. पण तो निकाल त्या बाईला मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मिळाला. करारनाम्यातल्या एका वाक्यासाठी कुणाला इतकं लांब जावं लागू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. डाऊन पेमेंट अनेकदा मुलाच्या आईवडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून किंवा गावची जमीन विकून आलेलं असतं. आपली आयुष्यभराची पुंजी सहा महिन्यांपूर्वी घरात आलेल्या मुलीच्या नावावर का जावी, असं त्यांना वाटलं तर ते चुकीचं नाही. इथे निम्मं-निम्मं हा आकडा पवित्र मानायचं कारण नाही. आईवडिलांची रक्कम त्यांच्या मुलाच्या हिश्शात धरा, आणि कर्जातून फिटणारा भाग दोघांत सारखा धरा. हिस्से 60-40 झाले तरी चालतील, फक्त ते लिहिलेले असावेत. मुलीच्या माहेरून आलेल्या पैशालाही हाच न्याय हवा. तो बहुधा फर्निचर, फ्रिज, मॉड्युलर किचन यांत जातो आणि दहा वर्षांत त्याची किंमत शून्य होते. तिसरा आक्षेप भावनेचा: लग्नाच्या पहिल्याच वर्षी हिस्से लिहायला बसणं म्हणजे मोडण्याची तयारी करणं. पण आपण विमा काढतो, नॉमिनीचं नाव भरतो, तेव्हा कुणाला तसं वाटत नाही. शिवाय घराचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांसाठी सांभाळणारा असतो, हे अनेक घरांत माणूस गेल्यावरच कळतं. संबंध बिघडल्यावर एकत्र घर विकणं अवघड जातं ही तक्रार मात्र खरी आहे. त्या अवघडपणाची किंमत मी मान्य करते, कारण त्या अवघडपणातच दुबळ्या बाजूचं संरक्षण आहे.

हे शहरी, शिकलेल्या लोकांचं खूळ आहे असंही कुणी म्हणेल. महाराष्ट्राचा इतिहास उलट सांगतो. चांदवडला 1986 मध्ये शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं आणि त्यानंतरच्या वर्षांत शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम गावोगाव नेला. नवऱ्याने आपल्या जमिनीतला तुकडा आपणहून बायकोच्या नावे करायचा. ते शेतकरी होते आणि त्यांनी सातबारावर बायकांची नावं चढवली. पुढे 2003 मध्ये राज्य शासनाने ‘घर दोघांचे’ म्हणून ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत पतीपत्नी दोघांची नावं लावण्याची मोहीम काढली. एवढं होऊनही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एकटीच्या किंवा सामाईक नावाने घर वा जमीन असलेल्या स्त्रिया महाराष्ट्रात सुमारे 23 टक्केच निघाल्या. देशाची सरासरी 43 टक्क्यांच्या आसपास आहे.

ज्यांचं घर आधीच एकाच्या नावावर झालं आहे त्यांनाही वाट आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा त्यातला हिस्सा नवराबायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिला तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्यायची, मग दुय्यम निबंधकांकडे बक्षीसपत्र नोंदवायचं आणि त्याची प्रत सोसायटीला देऊन भागदाखल्यावर दुसरं नाव चढवून घ्यायचं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर तेवढंही करावं लागत नाही. करार संपून नवा होताना घरमालकाला आधीच सांगायचं की या वेळी लायसन्सी दोन आहेत.