सातबारा न देताही नर्सिंगला कर्ज मिळतं

"सातबारा दिल्याशिवाय बँक दारातसुद्धा उभं करत नाही." अबुधाबीत मुसाफ्फाच्या लेबर कँपपासून इलेक्ट्रा स्ट्रीटच्या फ्लॅटपर्यंत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता समोरच्याचं बोलून व्हायच्या आत माझी मान आडवी हलायला लागते.

परवा खेडचा एक गाववाला भेटला. इथे ड्रायव्हर, मुलगी तिकडे बी.एस्सी. नर्सिंगला. पहिल्या वर्षाच्या फीसाठी त्याने भिशी उचलली, शिवाय बायकोच्या पाटल्या सोनेतारणाला ठेवल्या. शैक्षणिक कर्ज का नाही काढलं? "ते घर गहाण मागतात." बँकेत विचारलंस? "नाही, पण सगळे म्हणतात." म्हणजे घर गहाण पडेल या भीतीने पाटल्या गहाण पडल्या. आता या हिशेबाला काय म्हणायचं?

वस्तुस्थिती सांगतो. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलेलं आहे. त्यापुढे 7.5 लाखांपर्यंत केंद्र सरकारची पतहमी योजना आहे, तिथेही घर-जमीन लागत नाही. आईवडिलांपैकी एकाची सहकर्जदार म्हणून सही लागते, ती मात्र लागतेच. आणि हे फक्त डॉक्टर-इंजिनिअरांसाठी नाही. भारतीय बँक महासंघाच्या आदर्श योजनेत नर्सिंगची पदवी आणि पदविका दोन्ही नावानिशी आहेत, अट एवढीच की अभ्यासक्रमाला भारतीय नर्सिंग परिषद किंवा तत्सम नियामक संस्थेची मान्यता हवी. शाखेतला कारकून "नर्सिंगला देत नाही" म्हणाला, तर नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की बऱ्याचदा सूर बदलतो.

मान्यतेची ही अट खरं तर आपल्याच फायद्याची. गावोगावी "सहा महिन्यांत नर्स, थेट गल्फ" अशा जाहिराती लागतात. त्या कोर्सला बँक कर्ज देत नाही, आणि तिथे मात्र बँकेचं बरोबर असतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदलं जाणार नसेल, तर अबुधाबीचा आरोग्य विभागही लायसन्स देणार नाही. इथे कागद डेटाफ्लो या पडताळणी कंपनीमार्फत थेट कॉलेज आणि कौन्सिलकडून पडताळून घेतात, झेरॉक्सवर भागत नाही. (या विभागाचं जुनं इंग्रजी आद्याक्षरी नाव "हाड". जुन्या नर्सेस अजून "हाडची परीक्षा" म्हणतात. मराठी कानाला ते कसं लागत असेल, सांगायला नको.)

दुसरं टोकही ऐकतो, तेही चूक: "शिकेपर्यंत व्याज नसतं." असतं. शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याजाचं मीटर मात्र चालू असतं, सरळव्याजाने. दरवर्षी एक लाख असं चार वर्षं घेतलं आणि दर 10 टक्के धरला, तर कोर्स संपताना व्याज एक लाख होतं. सुटीच्या वर्षाचं आणखी 40 हजार. हप्ता सुरू होतो तो 5 लाख 40 हजारांवर. म्हणून गल्फमधल्या बापाने एकच करावं, व्याज महिन्याच्या महिन्याला भरत जावं. पहिल्या वर्षी ते महिन्याला साधारण 833 रुपये पडतं, म्हणजे चाळीस दिरहमांच्याही आत. कडक चहाचा खर्च याहून जास्त असतो. चौथ्या वर्षी 3,333. शिकत असताना व्याज नियमित भरलं, तर बँका दरात एक टक्का सवलतही देऊ शकतात.

"पण आम्ही एनआरआय ना!" तुम्ही असाल, मुलगी खेडला राहते. कर्ज तिच्या नावावर, तिचं भारतीय नागरिकत्व बघतात. सहकर्जदार म्हणून गावी असलेली आई सही करू शकते. एनआरआय कोट्यातली जागा हा एक पर्याय आहे, तुमच्यावर सक्ती नाही.

उलट आधी सरकारी फीमाफी बघा. जुलै 2024 च्या शासननिर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. डोनेशन देऊन सीट "पक्की" करणारा बाप ही माफी स्वतःच्या हाताने घालवतो. पगार लपवायचीही गरज नाही: महिना 2,000 दिरहम म्हणजे दिरहमला 23 रुपये धरले तर वर्षाला साडेपाच लाख.

उरलेले गैरसमज भराभर. "व्याजावर आयकरात सूट मिळते": इथल्या पगारावर भारतात करच नाही, तर बापाला सूट कशातून मिळणार? "हॉस्पिटल ठेवून घेईल आणि शिकवेल": लायसन्स नसताना नर्सचं काम कोणी करू देत नाही. "एजंटला चार-पाच लाख द्यावेच लागतात": नोंदणीकृत एजंटची कमाल फी 30 हजार आणि वर जीएसटी, आणि अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च कामगारावर टाकता येत नाही. 2015 साली कोचीत सीबीआयने पकडलेल्या प्रकरणात कुवेतला जाणाऱ्या नर्सेसकडून 19,500 रुपयांऐवजी साडेएकोणीस लाख घेतल्याचा आरोप होता.

गाववाल्याने हे सगळं ऐकलं आणि तिथेच घरी फोन लावला. सोमवारी वहिनी कॉलेजचं फी-पत्रक आणि मान्यतेचा कागद घेऊन बँकेत जाणार आहेत. पिशवीत सातबाराही टाकलाय. "असू दे," म्हणाल्या.