बहादूरच्या घरची माणसं

आज जबलपूरहून आपल्या चंबळच्या नायकाबद्दल बोलतो. 1976 मध्ये आबिद सुरतींनी इंद्रजाल कॉमिक्ससाठी बहादूर उभा केला. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने गेलेला. आणि ज्या अधिकाऱ्याने त्याला मारलं, त्या विशालनेच पोराला वाढवलं! फौजेत आयुष्य काढलेल्या मला ही गाठ सगळ्यात अवघड वाटते. सूड घ्यायचा तर घरातल्याच माणसावर. बहादूरने तो न घेता डाकूंविरुद्ध नागरिक सुरक्षा दल उभारलं.

वेताळाची डायना बरीच वर्षं लांबच राहिली. बेला मात्र स्वतः लढणारी, आणि लग्नाशिवाय बहादूरच्याच घरात राहणारी. त्या काळच्या मराठी घरात हे मोठ्याने कोण वाचणार? आम्ही मनातल्या मनात वाचलं.