मोलकरणीची लेक झाली विज्ञानकथांची लेखिका

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. तो ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केला. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्या समाजाचे विद्वान पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी केली. हे सारे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. परंतु त्या समाजातल्या एका लेखिकेचे नाव आपल्या सभा-संमेलनांतून आम्ही फारसे ऐकलेले नाही. ते नाव ऑक्टेव्हिया बटलर. या बाईंनी विज्ञानकथा व अद्भुतकथा लिहिल्या. परग्रहावरचे जीव, दुसऱ्याच्या मनातले ओळखणारी माणसे, काळातून मागे जाणारी बाई असे त्यांचे विषय. कुटुंबाच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यांच्या लेखनाचे मूळ त्यांच्या आईने केलेल्या धुण्याभांड्यांत आहे, म्हणून.

ऑक्टेव्हियाचा जन्म २२ जून १९४७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना शहरी झाला. वडील बूटपॉलिश करीत. ते ती लहान असतानाच वारले. आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण होती. आईचे नावही ऑक्टेव्हियाच. ती दक्षिणेतील लुइझियाना प्रांतातली. तिथे उसाच्या मळ्यात राबणाऱ्या घराण्यात वाढलेली. तिला शाळेची थोडीच वर्षे मिळाली, पुढे कामाला जुंपले गेले. आई आणि आजी या दोघींनी मिळून मुलीला वाढवले.

कॅलिफोर्निया म्हणजे दक्षिणेसारखा नव्हे, तिथे काळ्यांना वेगळे बसवण्याचे कायदे नव्हते, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे. ऑक्टेव्हियाच्या जन्माआधीच्या काळात याच पॅसाडीनात नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर काळ्या मुलांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश असे आणि त्या दिवसानंतर तलावाचे पाणी बदलले जाई. महाडला १९२७ साली आपण चवदार तळ्याचे पाणी प्यायलो, तेव्हा सवर्णांनी तळ्याचे शुद्धीकरण केले होते. दोन गावांमध्ये हजारो मैलांचे अंतर, पण पाणी बाटण्याची कल्पना तीच!

आई कामाला जाताना कधी कधी मुलीला बरोबर नेई. गोऱ्यांच्या घरात पुढच्या दाराने जायचे नाही, मागच्या दाराने जायचे. घरातली माणसे आईसमोरच आईविषयी काहीबाही बोलत, जणू ती तिथे नाहीच. आई ऐकून न ऐकल्यासारखे करी आणि काम उरकी. कोपऱ्यात बसलेल्या मुलीला याची भारी लाज वाटे. लाज त्या घरच्या लोकांची वाटायला हवी होती, पण वाटे आईची. आई उलट का बोलत नाही, काम सोडून का जात नाही, या विचाराने ती आईवरच रागावे. ही गोष्ट बाईंनी पुढे मुलाखतींतून स्वतःच सांगितली आहे. कबूल करायला सोपी नाही, म्हणून आम्ही ती इथे मुद्दाम नोंदवतो.

त्याच मागच्या दारातून आई घरी येताना गोऱ्यांनी टाकून दिलेली पुस्तके आणि मासिके घेऊन येई. फाटकी, पाने सुटलेली, कोणाच्या तरी मुलांनी रंगवलेली. ती पुस्तके आई निजताना मुलीला वाचून दाखवी. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा एके रात्री आईने पुस्तक तिच्या हातात दिले आणि आता तूच वाच म्हणाली. वाचताना अक्षरे ओळखायला मुलीला त्रास होई. शिवाय ती विलक्षण बुजरी होती. उंची ताडमाड वाढत चाललेली, त्यामुळे शाळेत मुले टिंगल करीत. मग सार्वजनिक वाचनालय हेच तिचे खेळायचे ठिकाण झाले.

साठवलेले पैसे घेऊन ती पहिल्यांदा नवे पुस्तक विकत घ्यायला दुकानात गेली तेव्हाचा प्रसंग ऐका. दुकानात लहान मुलांना येऊ देतात का, असे तिने दबकत विचारले. तिला खरे विचारायचे होते ते काळ्या मुलांना येऊ देतात का! आपल्याला सगळीकडे दार उघडे नसते, हे आईने आधीच बजावून ठेवले होते. त्या दुकानात मात्र तिला आत घेतले.

दहाव्या वर्षी ती वहीत गोष्टी लिहू लागली. एकदा आईने विचारले, काय लिहितेस? गोष्ट लिहिते म्हटल्यावर आई सहज म्हणून गेली की तू कदाचित लेखिका होशील. माणूस लेखक होऊ शकतो, हे मुलीला तोवर माहीतच नव्हते. तिने टाइपरायटरचा हट्ट धरला आणि आईने तो पुरवला. मोलकरणीच्या पगारात टाइपरायटर! शेजारीपाजारी काय म्हणाले असतील, याची कल्पना आमच्या भगिनींना सहज करता येईल. पण सगळे नातलग आईसारखे नव्हते. एका मावशीने, तिचे नुकसान होऊ नये याच भावनेने, निग्रो लोक लेखक होत नसतात असे तिला समजावले. मुलीने आठवून पाहिले, तर आपल्यासारख्या माणसाने लिहिलेला छापील शब्द आपण वाचल्याचे तिला आठवेना.

विज्ञानकथेकडे ती वळली ती एका टुकार चित्रपटामुळे. बारा वर्षांची असताना तिने दूरदर्शन संचावर मंगळावरून आलेल्या एका बाईचा १९५४ सालचा चित्रपट पाहिला. इतका भिकार की आपण याहून बरे लिहू असे तिला वाटले. हे असले लिहूनसुद्धा कोणाला तरी पैसे मिळतात, हेही तिच्या ध्यानात आले. ती लगेच लिहायला बसली. तेरा वर्षांची असताना तिच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी तिची कथा नीट टाइप करून दिली आणि ती एका मासिकाकडे गेली. अर्थात परत आली. पुढे एकदा एका लबाड दलालाने वाचनाची फी म्हणून मायलेकींकडून एका महिन्याच्या घरभाड्याहून जास्त रक्कम उकळली. लेखनाच्या धंद्यातले दोघींपैकी कोणालाच काही कळत नव्हते.

१९६५ साली ती हायस्कूल उत्तीर्ण झाली. दिवसा काम आणि संध्याकाळी पॅसाडीना सिटी कॉलेज असा तिचा क्रम सुरू झाला. तिथल्या कथास्पर्धेत तिला पंधरा डॉलरचे बक्षीस मिळाले. ही तिची लेखणीची पहिली कमाई. याच कॉलेजात तिला तो तरुण भेटला.

काळ्यांच्या चळवळीला तेव्हा उधाण आले होते. हा तरुणही चळवळीतला. आपल्या लोकांचा इतिहास त्याला तोंडपाठ होता, तिच्यापेक्षाही जास्त. पण जुन्या पिढीविषयी त्याच्या मनात नुसता तिरस्कार होता. या वाकणाऱ्या म्हाताऱ्यांनीच आपल्याला इतकी वर्षे मागे ठेवले, यांना संपवले पाहिजे, पण सुरुवात स्वतःच्या आईबापांपासून करावी लागेल, अशा अर्थाचे तो बोलला. ऑक्टेव्हियाला मागचे दार आठवले. लहानपणी तिनेही आईविषयी असाच विचार केला होता. आता तिला कळत होते की आई त्या दाराने गेली नसती तर आपण उपाशी राहिलो असतो, कॉलेज तर लांबच.

येथे थोडे थांबून आमच्या मनातले सांगतो. आपल्या जयंतीच्या व्यासपीठांवरूनही असली भाषणे आम्ही ऐकली आहेत. आपले आजे-पणजे जोहार का करीत राहिले, मेलेली ढोरे का ओढीत राहिले, शिळ्या भाकरीला नकार का दिला नाही, असे तरुण वक्ते कडाडून विचारतात आणि टाळ्या पडतात. टाळ्यांच्या वेळी पुढच्या सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्या बायांकडे कोणी बघत नाही. बाबासाहेबांनी महाडला ती कामे सोडायला सांगितली आणि लोकांनी सोडली, तेव्हा गावोगाव मार खावा लागला, बहिष्कार सोसावा लागला. सोडण्याची किंमत त्यांनीच दिली. सोडण्याआधी पोरे जगवली तीही त्यांनीच.

त्या तरुणाला उत्तर द्यायला ऑक्टेव्हियाला दहा वर्षे लागली. मधला काळ फार खडतर गेला. अल्पसंख्य समाजातील होतकरू लेखकांसाठी पटकथालेखकांच्या संघटनेने चालवलेल्या वर्गात हार्लन एलिसन हे नामवंत लेखक शिकवीत. त्यांनी तिला १९७० साली पेन्सिल्व्हेनियातील क्लॅरियन येथील सहा आठवड्यांच्या विज्ञानकथा शिबिराला जायला सांगितले. सॅम्युएल डिलेनी हे कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखक तिथे शिकवायला होते. तिथे तिच्या दोन कथा विकल्या गेल्या. आता मार्ग मोकळा झाला असे वाटले, आणि पुढची पाच वर्षे एक ओळ विकली गेली नाही. पोटासाठी तिने हॉटेलात भांडी घासली, कारखान्यात बटाट्याचे वेफर्स तपासले, टेलिफोनवरून माल खपवला. डोके शिणवणारी नोकरी ती मुद्दामच घेत नसे. पहाटे दोन-तीनला उठून लिहायचे आणि मग कामावर जायचे.

१९७६ साली ‘पॅटर्नमास्टर’ ही पहिली कादंबरी आली. मागोमाग १९७७ व १९७८ साली आणखी दोन. तिसरीच्या पैशांतून बटलरबाई बसने देश ओलांडून मेरिलँडला गेल्या. गुलामांचे मळे जिथे होते ती भूमी त्यांना पाहायची होती. फ्रेडरिक डग्लस आणि हॅरिएट टबमन यांचे हे मेरिलँड. त्यातून ‘किन्ड्रेड’ जन्मली. किन्ड्रेड म्हणजे रक्ताची नाती.

कथा अशी. डॅना ही १९७६ सालची, कॅलिफोर्नियात राहणारी, शिकलेली काळी तरुणी. लेखिकाच. तिच्या सव्वीसाव्या वाढदिवशी तिला एकाएकी घेरी येते आणि ती जाऊन पडते एकोणिसाव्या शतकातल्या मेरिलँडमध्ये, एका नदीकाठी. पाण्यात एक गोरा मुलगा बुडतो आहे. ती त्याला वाचवते. तो मुलगा रूफस, मळेवाल्याचा पोर आणि डॅनाचा पूर्वज. पुढे जेव्हा जेव्हा त्याचा जीव धोक्यात येतो, तेव्हा तेव्हा ती मागे ओढली जाते. त्याला मरू दिले तर तिचे घराणे जन्मालाच येणार नाही आणि जगवले तर तो मोठा होऊन मालक होणार! यंत्र नाही, शास्त्रीय स्पष्टीकरण नाही. म्हणून ही विज्ञानकथाच नव्हे, भीषण अद्भुतकथा आहे, असे बाई म्हणत. आरंभी त्यांनी नायक पुरुष योजला होता. पण आजच्या काळातला ताठ मानेचा काळा पुरुष त्या मळ्यावर चार दिवसही जगला नसता, म्हणून बाई घेतली.

त्या मळ्यावर सारा नावाची स्वयंपाकीण आहे. तिची मुले मालकाने विकून टाकली. एकच मुलगी उरली आहे, ती मुकी आहे. पळून जाण्याचा विषय निघाला की सारा तोंड फिरवते. डॅनाला आधी तिचा तिरस्कार वाटतो. मग हळूहळू डॅनाच्या पाठीवर चाबूक बसतो, ती स्वतः पळून पाहते, पकडली जाते, आणि सारा का गप्प राहते ते तिला कळत जाते. मुकी मुलगी विकली जाऊ नये एवढ्यासाठी ती बाई रोज जेवण रांधते आहे. त्या कॉलेजातल्या तरुणाला बाईंनी दिलेले उत्तर हेच.

पुस्तक अनेक प्रकाशकांनी नाकारले. १९७९ साली ते छापले गेले आणि आज अमेरिकेतील शाळा-कॉलेजांत शिकवले जाते. बाईंचे एक म्हणणे आम्हांला महत्त्वाचे वाटते. गुलामीचे खरे वर्णन कोणाला वाचवले नसते, म्हणून आपण ते पुष्कळ सौम्य केले, असे त्या सांगत. आपल्याकडच्या आत्मकथनांना भडक म्हणणाऱ्या समीक्षकांनी हे ऐकायला हवे.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. १९८४ व १९८५ साली लागोपाठ विज्ञानकथेचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. १९९३ साली ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ आली. तिची कथा २०२४ साली सुरू होते. कॅलिफोर्नियात पाणी महाग झालेले, आगी लागलेल्या, भिंतीआड राहणारी घाबरलेली माणसे. पंधरा वर्षांची एक काळी मुलगी नवा विचार मांडते की बदल हाच ईश्वर. आमच्या बौद्ध वाचकांना येथे अनित्यता आठवेल. मात्र ईश्वर हा शब्द त्या मुलीला सोडवलेला नाही, हा फरक आहेच. १९९५ साली मॅकआर्थर फाउंडेशनची मोठी शिष्यवृत्ती मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या विज्ञानकथालेखिका. हे पाहायला आई होती. १९९६ साली ती वारली. बाई स्वतः २४ फेब्रुवारी २००६ रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी गेल्या. २०२१ साली अमेरिकेचे यान मंगळावर उतरले, त्या जागेला त्यांचे नाव दिले आहे. पॅसाडीनातल्या ज्या शाळेत मुले त्यांची टिंगल करीत, तिलाही २०२२ पासून त्यांचेच नाव आहे.

‘किन्ड्रेड’ इंग्रजीत सहज मिळते. २०१७ साली तिची चित्रकादंबरीही निघाली. ज्यांच्या घरी इंग्रजी वाचणारी मुले-मुली आहेत त्यांनी ती जरूर मागवावी. आणि घरात आजी असेल तर सारा स्वयंपाकिणीचा भाग आला की तेवढा तिला मराठीत सांगावा.